चंद्रभानच्या नावाची व्याख्यानमाला

"काकू, यंदा दोन शब्द तुम्हीच बोला," असं म्हणत वाचनालयाच्या मनोहररावांनी माइक पुढे सरकवला, तेव्हा रंभाबाई गांगरल्या.

महाल भागातल्या वाचनालयाच्या पटांगणात दर उन्हाळ्यात 'हुतात्मा चंद्रभान स्मृती व्याख्यानमाला' भरे. महागाई, बेकारी, वेगळा विदर्भ असे विषय असत, बाहेरगावचे वक्ते येत. पहिल्या दिवशी लेकाच्या फोटोला हार घालायचा आणि व्यासपीठावर बसून राहायचं, एवढंच रंभाबाईंचं काम. बोलत ते त्यांचे यजमान, देवराव. गिरणीत उमर गेलेला हा अबोल माणूस त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घाली आणि 'हुतात्म्याचे वडील' म्हटलं की ताठ उभा राही. गेल्या हिवाळ्यात देवराव गेले.

रंभाबाईंनी फोटोकडे पाहिलं. गेल्याच वर्षी एका वक्त्याने सांगितलं होतं की चंद्रभान मोर्च्याच्या अग्रभागी घोषणा देत छातीवर गोळी झेलून पडला. देवराव मान हलवत ऐकत होते, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या.

"त्याले गर्दीचं लय भेव वाटे," त्या म्हणाल्या. "जत्रेत माहा पदर नाही सोडे. त्या दिवशी तो मोर्च्यात नव्हता. बापाच्या चष्म्याची दांडी तुटली होती, ते जोडून आण म्हणून म्याच धाडलं होतं त्याले."

 त्यांना आणखी सांगायचं होतं, की त्याला गूळ घातलेला चहा आवडे, की तो झोपेत हसे. पण कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि वक्ते बलिदानावर बोलायला उठले.

कार्यक्रम संपल्यावर मनोहरराव त्यांना घरापर्यंत सोडायला आले. मोर्च्यावर झालेल्या गोळीबारानंतर रस्त्यात पडलेल्या चंद्रभानला उचलून दवाखान्यात नेणारे तेच. वाचनालय त्यांनी त्याच्याच नावावर उभं केलं होतं. दाराशी ते थांबले.

"हे आता काहून सांगितलं, काकू?"

"इथं त्याचं नाव सारेच घेतात, गा. त्याले ओळखणारी मी एकटीच राहिली."

 मनोहररावांनी वाकून नमस्कार केला आणि निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात रंभाबाईंना बोलावणं आलं नाही. फोटोला हार कुण्या आमदारांच्या हस्ते घातला जाणार असल्याचं त्यांना शेजारणीकडून कळलं. रंभाबाई पायीच गेल्या आणि मागे सतरंजीच्या कडेला, बायकांत बसल्या. आमदारांनी चंद्रभानचं नाव घेतलं, आडनाव चुकवलं, आणि ते देशापुढच्या प्रश्नांकडे वळले.

शेजारी मांडीवर नातू निजवून एक अनोळखी बाई बसली होती. तिने हळूच विचारलं, "कोन होता वं हा चंद्रभान?"

"माहा पोरगा," रंभाबाई म्हणाल्या.

त्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग झोपलेल्या पोराला उचलून छातीशी धरलं आणि सरकून त्यांच्यासाठी सतरंजीवर जागा केली.