तिसरा दाखला

टेबलावर नऊ हजार चारशे सतरा चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठी सहा इंच बाय चार इंच, आणि तिच्यावर एकच दाखला: वाक्य, पुस्तक, वर्ष, पान. त्यांचे एकशे अठ्ठेचाळीस गठ्ठे केले होते. एक गठ्ठा म्हणजे ‘सेट’ या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ. सूर्य मावळतो तोही सेट, मोडलेले हाड बसवतात तोही सेट. जेली घट्ट होते, कोंबडीला अंड्यांवर बसवतात, करवतीचे दात आळीपाळीने वाकवतात, सशासाठी फास लावतात, मोहर गळून फळ धरते, प्रत्येकाचा गठ्ठा वेगळा. पहिल्या वेळी माझी मोजणी एकाने चुकली होती, म्हणून मी दुसऱ्यांदा मोजले.

हे सगळे मिस हेस्टर पिनॉकनी अकरा वर्षांत लावले होते. इंग्लंडातल्या लिंकन गावी टेकडीखाली, एका बंद पडलेल्या प्रार्थनाघरात आमच्या शब्दकोशाचे कार्यालय होते. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन शास्त्रीय शब्दांसाठी तिथे लागले, तेव्हा चिठ्ठी कशी लिहायची हे मला मिस पिनॉकनीच शिकवले. त्या तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. दुपारच्या डब्यातला अर्धा केक त्या न विचारता माझ्या बशीत ठेवत.

नियम दोन होते. तीन वेगळ्या लेखकांचे तीन छापील दाखले असल्याशिवाय कोणताही अर्थ कोशात जात नसे. आणि कोणाच्या हातची एक चिठ्ठी जरी बनावट निघाली, तरी त्या हाताने लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी बाद. दुसरा नियम वापरायची वेळ माझ्या आधी कधी आली नव्हती.

मिस पिनॉकचा जीव एकशे एकेचाळिसाव्या गठ्ठ्यात अडकला होता. आजारी माणसाच्या चेहऱ्यावर एक ठेवण येते आणि मग ती जात नाही. दोन-तीन दिवसांत माणूस जातो. त्यांच्या आईकडची, दलदलीच्या मुलखातली माणसे म्हणत, चेहरा सेट झाला. सात वर्षे त्या गठ्ठ्यात दोनच चिठ्ठ्या होत्या. छपाई सात आठवड्यांवर आली आणि जानेवारीतल्या एका सोमवारी तिथे तिसरी चिठ्ठी दिसली.

१८७४ सालचे पुस्तक, खेड्यातल्या शुश्रूषेवर एका पाद्र्याच्या बायकोने लिहिलेले. पान त्रेचाळीस. ‘मंगळवारी तिचा चेहरा सेट झाला, आणि मग आम्ही डॉक्टरला बोलावले नाही.’

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. खरे दाखले थोडे निकामी असतात. त्यांत नको ते शब्द असतात, हवा तो अर्थ कडेला कुठेतरी असतो. हे वाक्य व्याख्येला मापाने शिवल्यासारखे बसत होते. त्या पुस्तकाची प्रत स्पॉल्डिंगच्या वाचनालयात होती. शनिवारी मी बसने गेले. जायला मला कोणी सांगितले नव्हते. पान त्रेचाळीसवर मोहरीचे पोटीस कसे बांधायचे ते होते. पुस्तकाची एकशे बारा पाने मी सगळी वाचली; ते वाक्य कुठेच नव्हते.

सोमवारी सकाळी कोट काढायच्या आधीच मी त्यांच्या टेबलाशी गेले.

“मिस पिनॉक, मी स्पॉल्डिंगला जाऊन आले.”

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. “अजून कोणाला सांगितलंस?”

“नाही.”

“बैस, इसोबेल.”

मी उभीच राहिले.

“माझ्या आईनं हे दहादा म्हटलेलं मी ऐकलंय,” त्या हळूच म्हणाल्या. “मावशीनं आईबद्दल म्हटलं. खोटं नाहीये ते. फक्त कोणी छापलं नाही.”

“पण पान त्रेचाळीसवर पोटीस आहे.”

“ठाऊक आहे मला.” त्यांनी ती चिठ्ठी गठ्ठ्यातून काढली आणि माझ्यापुढे धरली. “घे. फाड तुझ्या हातानं. तो अर्थ मी सोडते. उरलेल्या दोन चिठ्ठ्या परत खणात टाकते. मग तर झालं ना?”

“बाकीच्यांचं काय?”

“कुठल्या बाकीच्या?”

“तुमच्या हातच्या. आणखी किती अशा आहेत, मला कसं कळणार?”

“एकही नाही. देवाशपथ, पोरी, एकही नाही!”

“ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही,” मी म्हणाले. “अकराच्या चहाला मी सांगणार आहे.”

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, “हे असं मीच शिकवलं ना तुला?”

मी हो म्हणाले.

अकराच्या चहाला सगळे लांब टेबलाभोवती जमत. संपादक डॉ. स्क्रोप रोज एक व्याख्या वाचत आणि बाकीच्यांनी ती मोडून दाखवायची, अशी पद्धत होती. त्या दिवशी मी चिठ्ठी आणि पान त्रेचाळीसची हाताने केलेली नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोन्ही वाचून काढल्या.

“वा! मिस पिनॉक, तुम्ही कादंबऱ्या लिहायला लागलात हे आम्हाला कळवायचं तरी.”

टलक मोठ्याने हसला. तो किरकोळ क्रियापदांचे काम बघे आणि एका शब्दाच्या साठ चिठ्ठ्यांपुढे कधी टिकत नसे. “पुढच्या भागात डॉक्टर येतो का हो बाई, की तोही मरतो?”

चहा घेऊन आलेल्या मिसेस ऑडलिंगनी थाळा टेकवला. त्याही दलदलीकडच्याच. “कशाला हसताय एवढं?” त्या म्हणाल्या. “बरोबरच आहे की ते. आमच्या बाबांचा चेहरा रविवारी सेट झाला नि बुधवारी गेले ते.”

मिस पिनॉकनी झटकन मान वर केली.

“मिसेस ऑडलिंग,” डॉ. स्क्रोप म्हणाले, “तुमच्या वडिलांबद्दल कुठे छापून आलं होतं का?”

“नाही हो. गटारं खणायचे ते.”

“मग साखर इकडे द्या.”

त्यांनी दोन चमचे साखर घालून ढवळली. “नियम सगळ्यांना माहीत आहे. मिस पिनॉकच्या हातची प्रत्येक चिठ्ठी बाहेर काढायची. काढतील त्या स्वतःच. आपलं अक्षर त्यांच्याइतकं कोण ओळखणार? आणि मिस गार्थ, तुम्ही शेजारी बसून मोजा.”

“पुस्तकांशी ताडून बघू या ना,” मिस पिनॉक म्हणाल्या. “मी बघते. पगार नको मला.”

“तुम्ही बघणार?” डॉ. स्क्रोप म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

सहा दिवस लागले. त्या चिठ्ठी उचलत, बघत, उजवीकडे ठेवत. मी कागदावर रेघ मारी. चौथ्या दिवशी कोंबडीच्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी त्यांनी बराच वेळ धरून ठेवली. शाई पाण्याने पसरली होती.

“ही माझी आहे का गं? मला दिसत नाहीये नीट.”

ती गेली तर त्या अर्थाला दोनच दाखले उरत होते. मी भिंगातून पाहिले. त्यांच्या ‘टी’ची आडवी रेघ डावीकडे खाली उतरे.

“तुमचीच,” मी म्हणाले.

त्यांनी ती उजवीकडे ठेवली.

तीन हजार आठशे बासष्ट चिठ्ठ्या निघाल्या. एकशे अठ्ठेचाळीसपैकी सत्तावन्न अर्थांना तीन दाखले उरले आणि तेवढे छापायला गेले. सातव्या दिवशी मिस पिनॉक कामावर आल्या नाहीत. त्यांचा डबा टलकने टपालाने पाठवून दिला.

खंड छापून बांधून आला तेव्हा मे महिना होता आणि माझ्याकडे फारसे काम नव्हते. बाद चिठ्ठ्या तळघरात खोक्यांत होत्या. एकूण चिठ्ठ्यांतून किती तपासल्या म्हणजे अंदाज भरवशाचा धरता येईल, याचे गणित मी मांडले, आणि डोळे मिटून दोनशे चिठ्ठ्या उचलल्या. पुस्तके मिळवून प्रत्येक दाखला मूळ पानाशी ताडायला मला सप्टेंबर उजाडला.

तपासल्या दोनशे. मूळ पानावर सापडल्या दोनशे. तीन चिठ्ठ्यांत स्वल्पविराम राहिला होता.