धुण्याचं पाणी

मुलीचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिलं. उत्तर दिलं नाही. फोनवर तुम्ही नुसतं ‘बरं आहे’ म्हणता, म्हणून लिहिते आहे, असं तिनं सुरुवातीलाच म्हटलं होतं. पुढे विचारलं होतं एवढंच. बाबा, तुम्हाला तिथे एकट्यानं जमतंय का? जमत असेल तर मी काही बोलणार नाही. नसेल तर सुट्टीत येते, घराला कुलूप लावते आणि तुम्हाला इकडे घेऊन येते. पण खरं काय ते लिहा.

खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं. बायकोला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी दुःखात होतो असंही म्हणता येणार नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं सगळ्या घराचं झालं होतं. तरी हे घर सोडायचं नाही, एवढं कळत होतं. का, ते मला सांगता आलं नसतं.

आमचं घर दुकानाला फारसं ओळखत नव्हतं. तळणीचं उरलेलं तेल गाळून, त्यात कॉस्टिक सोडा घालून बायको साबण घरी करायची. दंतमंजन घरचं, व्हिनेगर फळांच्या सालींचं. मागच्या अंगणात घेवडा, टोमॅटो, पालक आणि दोन कोंबड्या. पाणीसुद्धा ती दोनदा वापरायची. मोरीतलं धुण्याचं पाणी एका नळीतून थेट घेवड्याच्या वाफ्यात जायचं. “कपडे धुतले की झाडं जेवली,” असं ती म्हणायची. मी ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिण्यात हयात घालवली. या कारभारात माझं काम म्हणजे डब्यांची घट्ट झाकणं उघडून देणं.

मी ठरवलं की तिचं सगळं आहे तसं चालवून बघायचं, आणि चाललं तर मुलीला ‘जमतंय’ असं कळवायचं. न बघता लिहिणं मला बरोबर वाटेना.

दंतमंजन जमलं. कोंबड्यांना मी आवडत नसावा, पण त्या अंडी देत होत्या. तिनं करून ठेवलेल्या साबणाच्या वड्या संपल्या, तेव्हा मी पुस्तक समोर ठेवून, हातमोजे घालून बसलो. दिवसभर ढवळलं. तेल वर राहिलं आणि पाणी खाली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तो डबा झाकण लावून पायरीखाली सारला आणि दुकानातून निळ्या दाण्यांची पावडर आणली. एवढ्यानं काही बिघडत नाही, असं मनाशी म्हटलं.

पावडरीला फेस भरपूर यायचा. मी धुणं धुवू लागलो. दुपारी वाचायला बसलो की त्याच त्या ओळीवर अडकायचो, मग उठून काहीतरी भिजत घालायचो. अभ्रे, पडदे, कोणी न वापरलेल्या चादरी. तिचे कपाटातले कपडेही एकेक करून धुतले, वाळवले आणि पुन्हा कपाटात लावले. पिळताना हात दुखायचे. ते दुखणं मला चालत होतं.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. बायकोची मैत्रीण. मशीन खिडकीशी असल्यामुळे आमचं अंगण त्यांना पूर्ण दिसतं.

“भाऊजी, आज परत चादर?”

“ही दुसरी.”

“माणूस एक आणि चादरी लग्नघराच्या. एवढं धुवून ती पातळ झाली की आणा माझ्याकडे, रुमाल शिवून देते.”

मी हसल्यासारखं केलं.

त्याच सुमारास घेवड्याची पानं कडेनं पिवळी पडू लागली, मग तपकिरी झाली. मी ग्रंथालयातून वनस्पतींच्या रोगांवरचं जाड पुस्तक आणलं. भिंग घेऊन पानं उलटीपालटी केली. कीड दिसली नाही. चित्रांतल्या दोन रोगांशी थोडंथोडं जुळत होतं, पुरतं एकाशीही नाही. लागण पसरू नये म्हणून दोन वेल उपटून टाकले.

“काय झालंय हो घेवड्याला?” बाईंनी विचारलं.

“रोग आहे. पुस्तकात बघतोय.”

“पुस्तकातला बरा झाला की सांगा.”

मला वाटलं, पाणी कमी पडत असेल. म्हणून मी आणखी धुणं काढलं.

एका सकाळी मोरीत भिजलेल्या पडद्यांची बादली कलती करून मी वाफ्यापाशी उकिडवा बसलो होतो. एका पानावर भिंग धरलेलं होतं. नळीतून पाणी आलं. आधी साधं, मग त्यावर निळसर फेस. तो माझ्या चपलांना वळसा घालून देठांशी जाऊन थांबला आणि हळूहळू मातीत बसला. खाली आधीच्या फेसाचा पांढुरका थर होता. तो मी रोज बघत होतो. क्षार असतील असं समजून पुस्तकात ‘क्षार’ हेही वाचलं होतं.

मी भिंग खिशात ठेवलं. आता रडू येईल असं वाटलं, म्हणून थोडा वेळ तसाच बसून राहिलो. आलं नाही. आत जाऊन पडदे खळबळून काढले, पिळले, दोरीवर टाकले. मग नळी वाफ्यातून उचलून बाहेरच्या गटारात सोडली.

“नळी का काढलीत?” खिडकीतून आवाज आला. मशीन थांबलं होतं.

“पावडरीचं पाणी जात होतं. घेवडा मीच मारला.”

बाईंनी खिडकीतून वाकून वाफ्याकडे बघितलं. “मलाही दिसला नाही तो फेस. मी तुमच्या चादरीच मोजत बसले.”

“तिला कळलं असतं तर?”

“तर मला झापलं असतं, समोर बसून काय करत होतीस म्हणून. तुम्हाला काही म्हणाली नसती. तुम्हाला ती कधी काही म्हणायचीच नाही, भारी लाडावून ठेवलं होतं.” त्यांनी दोरा तोडला. “लेकीला काय कळवलंत? तिचा मला फोन आला होता, बाबा उत्तर देत नाहीत म्हणून.”

“जमलं तर लिहीन असं ठरवलं होतं.”

“आणि हे बघून आता नाही जमलं म्हणून लिहिणार?”

“तसंच दिसतंय.”

“तिनं साबणाचं विचारलंय का भाऊजी? घेवड्याचं?”

“नाही.”

“मग?”

बाईंनी मान हलवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

त्या दुपारी मी धुणं काढलं नाही. टेबलाशी बसून कागद घेतला. पहिला कच्चा मजकूर फार लांब झाला, त्यात पानांच्या रोगांचंच वर्णन जास्त होतं. दुसरा फाडला. तिसऱ्यात हे लिहिलं:

‘बाळ, उशीर झाला. तुझ्या आईचं घर मला तसंच्या तसं चालवता येत नाही. साबण झाला नाही, तो दुकानातून आणतो. घेवडा माझ्या हातून मेला. टोमॅटो आहेत, अंडी मिळतात, दंतमंजन मी करतो. दोन वेळा जेवतो. आतून अजून काही हलत नाही, आणि तिकडे आलो म्हणून हलेल असं मला वाटत नाही. मला इथेच राहायचं आहे. एवढ्याला जमणं म्हणतात की नाही, ते तू येऊन बघ. कुलूप आणू नकोस.’

शेवटचं वाक्य उद्धट तर नाही ना, म्हणून मी बराच वेळ त्याकडे बघत होतो. मग ते तसंच राहू दिलं. पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला, चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या पेटीशी कोणी नव्हतं. पाकीट अर्धं आत सरकवून मी थांबलो, पत्ता नीट लिहिलाय का ते पुन्हा बाहेर काढून बघितलं. नीट होता. मग आत सोडलं.