माफीची तालीम

शिंपीणबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर त्यांनी धाकट्या जावेला तिथल्या तिथे काय सुनावलं असतं कोण जाणे. ईस्टर तोंडावर आलेला, चर्चमधल्या गाणाऱ्यांचे झगे दुकानभर लटकलेले, एकाची बाही लांब तर दुसऱ्याचा घेर तोकडा. जाऊही गाणाऱ्यांतली. ती माप द्यायला उभी राहिली आणि बाई खाली बसून किनार दुमडत असताना वरून म्हणाली, "ताई, मी तुम्हाला माफ केलं."

टाचणी गिळायचीच बाकी राहिली! बाईंनी सगळ्या टाचण्या तळहातावर थुंकल्या. "काय केलंस?"

"माफ केलं. मनापासून."

"अगं, पण कशाबद्दल?"

"ते आता उगाळायचं नाही," असं म्हणून जावेनं झगा उतरवला आणि गेलीसुद्धा.

आता काय म्हणावं या बयेला? चोर सोडून संन्याशाला फाशी! उभ्या कुटुंबात माफ करण्यासारखं कुणी वागलंच असेल तर ते बाकीचे, आपण मात्र धुतल्या तांदळासारख्या, अशी बाईंची पक्की खात्री होती. जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मी तिचं काय घोडं मारलंय हो?"

"आठवून बघ," नवरा म्हणाला, "एखादं शिंगरू तरी मारलं असशील."

दुसऱ्या दिवशी जाऊ पुन्हा हजर. मशीनच्या खडखडाटावरून ओरडून म्हणाली, "ताई, माफ केलं!" पँट आखूड करून घ्यायला आलेला पोस्टमन बाईंकडे असा बघू लागला, जणू त्यांनी कुणाचा खून पचवलाय. बाईंनी झटकन मशीन थांबवलं.

"काल केलं होतंस ना?"

"टिकलं नाही," जाऊ म्हणाली आणि मान खाली घालून निघून गेली.

टिकलं नाही! शिवण आहे का ती, उसवायला? बाई तशाच उठल्या, गळ्यात टेप लटकत असताना तरातरा चर्चमध्ये गेल्या. पाळकसाहेब बाकं पुसत होते.

"काय शिकवलंत हो तुम्ही माझ्या जावेला?"

सगळं ऐकून पाळकांनी कपाळाला हात लावला. "अहो, मी गाणाऱ्यांना इतकंच म्हणालो, की ईस्टरच्या आधी जशी गाण्याची तालीम करता, तशी माफीचीही करा. रोज, मोठ्यानं, जमेपर्यंत. पण घरी! प्रार्थनेत! माणसाच्या तोंडावर जाऊन म्हणायला कुणी सांगितलं होतं?"

एरवी बाई पोट धरून हसल्या असत्या. पण ते 'टिकलं नाही' काही केल्या डोक्यातून जाईना.

गुड फ्रायडेची उपासना संपली तशा त्या सरळ जावेच्या घरी गेल्या. जाऊ ओट्याशी भांडी पुसत होती. बाईंना पाहताच म्हणाली, "ताई, मी तुम्हाला..."

"थांब. आज आधी मला सांग, कशाबद्दल?"

जावेनं फडकं बाजूला ठेवलं. "माझं बाळ मेलेलं जन्मलं, तेव्हाचं. तुम्ही दवाखान्यात आलात. पाठीवरून हात फिरवलात. म्हणालात, 'देवानं दिलंच नव्हतं असं समज. पुढच्या वर्षी पुन्हा पाळणा हलेल.'"

पाळणा पुन्हा हलला नाही, हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

बाईंना तो दवाखाना आठवला. थर्मासमधून नेलेलं सूप आठवलं, जिन्यात बसून आपण स्वतः किती रडलो तेही आठवलं. ते वाक्य मात्र कुठेच सापडेना. हिनं ते इतकी वर्षं उराशी बाळगलं आणि आपल्याला आठवतसुद्धा नाही! हेच आपण आणखी किती जणींना ऐकवलं असेल?

"अगं, मी चांगल्या मनानंच..."

"माहीत आहे ना! म्हणून तर जमत नाही मला. वाईट मनानं बोलला असतात, तर तेव्हाच भांडून मोकळी झाले असते."

माफी मागायची सोयही राहिली नव्हती, ती तर रोज दारात येऊन मिळत होती. बाईंनी फडकं उचलून एक भांडं पुसायला घेतलं. मग त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "कुणासारखं होतं गं?"

जाऊ दचकली. "म्हणजे? तुम्ही बघितलं नव्हतंत?"

"नाही. कुणी दाखवलं नाही, आणि मीही दाखवा म्हटलं नाही."

जाऊ त्यांच्याजवळ सरकली. मग हलकेच म्हणाली, "जावळ होतं, ताई. दाट. आणि नाक थेट भाऊजींचं."

भाऊजींचं, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचं. ज्या फताड्या नाकावरून त्या लग्नापासून त्याला चिडवत आल्या होत्या, तेच. जावेच्या आधी बाईच हमसाहमशी रडू लागल्या.