न पडताच पास झालेला खोका

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे. पुठ्ठ्याचा, तपकिरी, लांबट आणि एका कोपऱ्यावर चांगलाच चेपलेला. माझी गोष्ट सांगायला बसलो खरा, पण आधीच सांगून ठेवतो, तिच्यातले निम्मे मला अजून उमगलेले नाही. तुम्हांला उमगले तर मलाही सांगा.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या कारखान्यात झाला. जन्मलो तेव्हा मी खोका नव्हतोच, नुसता सपाट तक्ता होतो. यंत्राने माझ्या अंगावर घड्या पाडल्या, कडेला डिंक लावला आणि पाठीवर एक बाण छापला. बाणाखाली लिहिले, 'ही बाजू वर'. मी भाबडा, त्यावर विश्वास ठेवला. पुढे आयुष्यात एका माणसाने तो बाण पाळला असेल तर शपथ!

मग आम्हां तिघांना नमुने म्हणून एका घरी पाठवले. तिघे म्हणजे भावंडेच म्हणायची, पण कशाचा कशाला मेळ नव्हता. एक होती प्लास्टिकची पिशवी. तिच्या अंगभर हवेचे फुगे होते. दुसरा होता काळा चकचकीत डबा, झाकणाला लोहचुंबक लावलेला. तो मिटताना 'टप्' असा ऐटबाज आवाज करायचा.

मी त्यांना विचारले, "आपल्याला इथे नक्की करायचं काय आहे?"

"दिसायचं," डबा म्हणाला.

"सोसायचं," पिशवी म्हणाली.

मी बुचकळ्यात पडलो. मला आपले वाटले होते, आत काहीतरी ठेवायचे असेल.

त्या घराच्या खालच्या मजल्यावर दुकान होते, वर राहायच्या खोल्या आणि मधे उभा जिना. दुकानात बाबा बॅडमिंटनच्या रॅकेटी तयार करायचे. जाळी स्वतःच्या हातांनी ओवायचे, मग तिच्यावर बोटाने टिचकी मारून कान लावायचे. आवाज मनासारखा आला तर ठीक, नाहीतर सगळी जाळी उसवून पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या मुलीला सगळे 'ताई' म्हणत. तिला धाकटे भावंड एकही नव्हते, तरी आईवडीलसुद्धा ताईच म्हणत. हेही मला कधी कळले नाही.

दुकानात गिऱ्हाईक फिरकेनासे झाले होते. लोक घरबसल्या फोनवरच खरेदी करू लागले होते. म्हणून ताईने नोकरी सोडली, रॅकेटींना एक छानसे नाव दिले आणि त्या फोनवरून विकायचे ठरवले. पहिल्या खेपेच्या सगळ्या रॅकेटी भिंतीवर तयार टांगल्या होत्या. आता त्या पाठवायच्या कशातून, एवढेच ठरायचे होते.

बाबांना हे मुळातच पटले नव्हते. "रॅकेट गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची असते," ते म्हणाले. "त्यानं ती फिरवून बघायची, आपण त्याचं तोंड बघायचं. तू म्हणतेस म्हणून ही एक खेप. पण यातली एक जरी मोडून परत आली ना, तर मी शटर खाली ओढणार. कायमचं. मग मला समजवायला येऊ नकोस."

ताईचा चेहरा पडला. बाबा बोलले की बोलले, हे तिला पक्के ठाऊक होते. बिचारी त्या दिवशी नीट जेवलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आमची परीक्षा ठरली. रॅकेट आत घालून आम्हांला जिन्याच्या वरच्या पायरीवरून खाली टाकायचे, आणि ज्याच्यातली रॅकेट शाबूत राहील तो पास. ताई वर उभी राहिली, बाबा खाली.

ताईने मला सोडले. मी डोळे मिटले आणि 'ही बाजू वर' असे मनात घोकत राहिलो. पण जमीन काही येईना! डोळे उघडले तर मी बाबांच्या हातात.

"अहो बाबा! झेलता काय?"

"हात आपोआप गेला गं."

मित्रांनो, बाबा तरुणपणी फुटबॉलचे गोलकीपर होते. ताईने त्यांना हात पाठीमागे बांधायला सांगितले. त्यांनी बांधले, आणि मला छातीवर अडवून अलगद गुडघ्यावर घेतले. मग त्यांची हकालपट्टी झाली आणि आई आली. पण आई बास्केटबॉल खेळलेली. तिने मला एका हातात झेलले आणि सवयीने परत वर फेकले. ताईने झेलले. हसून हसून तिघांची मुरकुंडी वळली. पिशवीचे तेच, डब्याचे तेच. त्या घरात पडलेली वस्तू जमिनीपर्यंत पोचायचीच नाही. मी खोका आहे की चेंडू आहे, हे मला संध्याकाळपर्यंत समजेना.

शेवटी ताईने तिन्ही रॅकेटी काढून बघितल्या. "तिघेही पास!" ती म्हणाली.

मी पास? मी तर परीक्षेला बसलोच नव्हतो! पण असे ओरडून सांगायला खोक्याला तोंड कुठे असते? असते ते चिकटपट्टीने बंद.

तिघेही पास म्हटल्यावर निवड रूपावर गेली. तिथे आमचा काय निभाव लागणार? चकचकीत डबा निवडला गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्यासारख्या डब्यांची मागणी नोंदवायची ठरली. पिशवी कपाटात गेली. माझ्यात बाबांनी जाळीच्या तारेचे उरलेले तुकडे टाकायला सुरुवात केली. सगळ्यांनी 'पास' म्हटले आणि कचरा दिला. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. रागवावे तर कोणावर, तेही कळेना.

सकाळी खेपेतली पहिली रॅकेट त्याच डब्यात घातली. 'टप्' झाले. पार्सलवाला आला. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता. त्याने सही घेतली, डबा उचलला आणि फाटकातूनच उघड्या गाडीकडे भिरकावला. बाबांनी खुर्चीवरून झेप घेतली. पण गुडघे जुने झाले होते. ते वीतभर कमी पडले. डबा गाडीच्या कडेवर आपटून रस्त्यावर पडला.

झाकण उघडले. वरून त्याला ओरखडासुद्धा नव्हता. आत मात्र रॅकेटची मान मोडली होती. डबा नुसता टणक, रॅकेट आत मोकळी गडगडत होती. बडा घर, पोकळ वासा!

मग आई हळूच म्हणाली, "काल पास कसले झाले? पडलंच कुठं एकही? झेलायला आपण होतो ना."

बाबांनी मोडकी रॅकेट मांडीवर घेतली. "बघितलंस ताई?" ते म्हणाले. "दारातच मोडली. पुढच्या वाटेवर मी कुठं कुठं धावू?" आणि ते शटरकडे निघाले.

"बाबा, एकदा. फक्त एकदा." ताई आडवी आली. तिने माझ्यातले तारेचे तुकडे जमिनीवर ओतले, भिंतीवरची रॅकेट काढून माझ्यात ठेवली. मी लांबट आणि अरुंद, तिला हलायला जागाच नव्हती. दोन्ही टोकांना तिने कागदाचे बोळे दाबून बसवले. मग पार्सलवाल्याला म्हणाली, "दादा, रोज टाकता तसंच टाका. आणि बाबा, तुम्ही खुर्चीत बसा. या वेळी कुणी झेलायचं नाही."

बाबा बसले. हात उठायला लागले तसे त्यांनी ते दोन्ही मांडीखाली दाबून धरले. जन्मभर गोल अडवलेला माणूस! पार्सलवाला बावचळून एकदा त्यांच्याकडे, एकदा ताईकडे बघत राहिला. मग त्याने मला फेकले.

या खेपेला जमीन आली. कोपऱ्यावरच आपटलो. काय कळ आली म्हणून सांगू! पुठ्ठ्याचे तिन्ही थर एकमेकांत घुसले आणि बाण छापलेली बाजू साफ खाली गेली.

बाबांनीच मला उघडले. रॅकेट बाहेर काढली, टिचकी मारली, कान लावला. पुन्हा मारली. त्यांचे डोळे भरून आले. "हा... हा आवाज बरोबर आहे," ते म्हणाले. ताई तिथेच पायरीवर मटकन बसली.

मागणी माझ्या जातीच्या खोक्यांची गेली. माझी धाकटी भावंडे आली, रॅकेटी घेऊन गेली. मी मात्र राहिलो. चेपलेल्या कोपऱ्याचा खोका गिऱ्हाईकाला कसा द्यायचा? पास झालो म्हणूनच घरी बसलो, असा हा न्याय. पुन्हा तेच तारेचे तुकडे पोटात आणि फळीवरची जागा. मी अजून त्यावर विचार करतो आहे.

रोज गाडीचा आवाज आला की घर कान टवकारायचे. आणि एके दुपारी पार्सलवाल्याने फाटकातूनच सांगितले, "एक परत आलंय."

ताईच्या हातातली कात्री गळून पडली. गंमत म्हणजे ती कोणीच झेलली नाही. बाबांनी खोका उघडला, रॅकेट उजेडात धरली. मधोमध जाळी तुटलेली होती.

"मोडली ना?" ताईने विचारले. तिला वर बघवेना.

बाबांनी चौकट चाचपली, मान चाचपली. घामाने काळी पडलेली मूठ हातात धरून रॅकेट हवेत फिरवली. मग ते हसले.

"मोडलेली नाही गं, खेळलेली आहे! चांगली दणकून खेळलेली. जाळी ओवून मागतोय तो." ते लगबगीने जाळी ताणायच्या यंत्राशी जाऊन बसले. "आणि ताई, तो खोका टाकू नकोस. त्यातूनच परत पाठवू."

तर मित्रांनो, तुमच्या घरी आमच्यापैकी कोणी आला, तर त्याला टराटरा फाडू नका. कोपरा चेपला म्हणून तोंड वाकडे करू नका. आतल्या वस्तूचा मार त्याने खाल्लेला असतो. जमलेच तर बाण तेवढा पाळा.

बाबा आता थकले आहेत. पण अजूनही पार्सलची गाडी दाराशी आली की ते दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसतात. नवे गिऱ्हाईक हसते, त्याला काही कळत नाही. मला मात्र एवढे एक कळते.