नाताळाचा बोजारा

अश्विनचं फोनवरचं ते बोलणं शीलाबाईंना पुरतं झोंबलं होतं. भोपाळहून तो म्हणाला, "आई, या साली नाताळाच्या सुट्टीत तं आम्ही बालाघाटले येऊन राह्यलो. पन पुढच्या सालापासून ज्योत्स्ना म्हणते, आपन चौघंच कुठंतरी जाऊ. लेकरांसाठी आपली एक फॅमिली ट्रॅडिशन पायजे ना."

"मंग मी कोन आहो? किराण्यासंगं फुकट भेटली होती का?"

पोळ्याला लेकरांची शाळा असते, दिवाळी ज्योत्स्नाच्या माहेरी गोंदियाला होते. उरली होती ही एक सुट्टी. तीही गेली तर नातवंडं फक्त मोबाइलमध्ये पाहायची. शीलाबाईंनी ठरवलं, सण बसवायचा तर याच घरात बसवायचा. सण कसा बसवतात हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. वॉर्डातलं हळदीकुंकू त्यांनीच सुरू केलं होतं आणि ते बंद करायची अजून कोणाची छाती झाली नव्हती.

मंडळी आली. ज्योत्स्नाने खोक्यातून कमरेएवढं प्लास्टिकचं झाड काढलं, आतल्या खोलीत कोपऱ्यात उभं केलं, त्याला गोळे, लाइटिंग, वर एक चांदणी लावली. खाली रंगीत कागदात गुंडाळलेले डबे ठेवले. शीलाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"मंग आता?" त्यांनी नऊ वर्षांच्या दीपिकाला विचारलं.

"कल सुबह गिफ्ट खोलेंगे, आजी."

"मंग?"

"फिर केक खाएंगे."

"मंग?"

"बस. खतम."

शीलाबाईंना वाटलं, पोरगी काहीतरी लपवते. "अन् पाह्यले कोन येते?"

"कोई नहीं. ये तो बस हमारा है."

म्हणजे एवढं नटवायचं आणि कोणाला दाखवायचंच नाही! सहा वर्षांचा मोहित मग सांताबद्दल सांगू लागला, तो बुढा घरोघर कसा जातो, गिफ्ट ठेवून चुपचाप कसा निघून जातो.

"या वयात? थंडीत?" शीलाबाई म्हणाल्या. "अन् तुम्ही पोट्टे रजई घेऊन झोपता? आमच्या इथं बुढ्याले नाई फिरवत. पोट्टे स्वतः जातेत अन् बोजारा घेऊन येतेत."

तान्ह्या पोळ्याला हेच होतं. पोरं चाकांचा लाकडी बैल सजवून दारोदार ओढत नेतात, घरची बाई बैलाला ओवाळते आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे घरात असेल तो खाऊ. नाताळातही पोरं होती, सजावट होती, खाऊ होता. कमी होती ती चाकांची. भोपाळच्या लोकांना चाकांचा विसर पडला असणार, एवढंच.

दुसऱ्या दिवशी डबे उघडून झाले आणि अश्विन-ज्योत्स्ना केक आणायला बाजारात गेले. तेवढ्यात शीलाबाईंनी माळ्यावरून अश्विनचा लहानपणीचा बैल उतरवला आणि झाड सुतळीने त्याच्या पाठीवर बांधून दोरी मोहितच्या हातात दिली.

त्यांचे यजमान शालिकराम पेपरमागून म्हणाले, "सुनेले विचारलं का?"

"सण विचारून करत असतेत का? तुम्ही पेपर वाचा."

पहिलं दार शेजारच्या मंजूचं. "काकू, पोळा तं कवाच होऊन गेला!"

"हा नाताळाचा आहे. ओवाळ."

शीलाबाईंनी ओवाळ म्हटल्यावर त्या वॉर्डात कोणी काहून म्हणून विचारत नाही. मंजूने ताट आणलं, पण कुंकू लावायला झाडाला कपाळ सापडेना. शेवटी तिने वरच्या चांदणीलाच टिळा लावला आणि पोरांना मुरमुऱ्यांचे लाडू दिले. पुढच्या दारी पेरू मिळाले. तिसऱ्या दारापर्यंत वॉर्डातली पोट्टी मागे लागली होती. एकाने परसातलं तुरीचं झाड उपटून त्याला फुगा बांधला, दुसऱ्याने प्लास्टिकच्या ट्रकमध्ये पपईचं पान उभं केलं. मोहित सगळ्यांच्या पुढे "हटो, हटो" करत दोरी ओढत होता.

गल्लीच्या तोंडाशी केकचं खोकं घेऊन ज्योत्स्ना उभी होती.

घरात येऊन तिने खोकं टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "आई, माझी लेकरं दारोदार मागत फिरतात?"

"मागत कोन होतं? लोकं देत होते."

"तुमच्या घरात पुरण कसं वाटायचं ते तुम्ही सांगता. रांगोळी कुठून काढायची ते तुम्ही सांगता. दहा वर्षं झाली. हा एकच सण असा होता, की त्यात मले कोनी चुकलं म्हणू शकत नव्हतं. तोही तुम्ही बैलावर बांधला."

सुनेने शीलाबाईंना असं तोंडावर सुनावलं. बालाघाटात वीज जाते तशी ही रोजची गोष्ट नव्हती. शालिकरामांनी पेपर खाली ठेवला.

तेवढ्यात फाटकाशी आरडाओरडा झाला. "आजी, बोजारा! बोजारा!" ज्यांच्या घरचा खाऊ घेतला त्यांची पोरं आता घेणाऱ्याच्या दारी आली होती, तुरीचं झाड, ट्रक, सगळं घेऊन. हा हिशेब शीलाबाईंना पाठ होता, पण गडबडीत स्वतःच्या दाराचा नंबर येईल हे डोक्यातच आलं नव्हतं. स्वयंपाकघरात फक्त वांग्याची भाजी होती. आणि या दारातून पोट्टं रिकाम्या हाती गेलं, असं आजवर झालं नव्हतं.

टेबलावर केक होता. शीलाबाईंनी केककडे पाहिलं, मग सुनेकडे.

"ज्योत्स्ना, सण तुहा आहे. काय द्यायचं, तू सांग."

ज्योत्स्नाने केकचं खोकं उघडलं. फाटक हलत होतं.

"आधी हात धुऊन या, आई."

शीलाबाईंना हात धुवायला सांगणारं माणूस त्यांची आई गेल्यापासून उरलं नव्हतं. त्या गेल्या आणि धुऊन आल्या.

"एवढा मोठा नाही, आई. बोटाएवढा कापा. अहो, तुम्ही पोरांना ओळीत बसवा. दीपिका, आधी लहान लेकरांना दे."

अश्विन पळाला. दीपिका वाटत सुटली. शीलाबाईंनी बोटाएवढे तुकडे कापले, सुनेने दोनदा टोकलं तरी कापले. पोट्टी नाकाला क्रीम लावून आपापल्या घरी गेली. घरच्यांसाठी उरला नुसता पुठ्ठा, आणि मोहित तो चाटत होता.

ज्योत्स्ना अंगठ्याची क्रीम पुसत म्हणाली, "पुढच्या साली बाजारचा केक नाही पुरणार. इथंच करू. तुमच्या त्या पुरण शिजवायच्या मोठ्या गंजात, खाली रेती टाकून."

"पन आपन तं चौघंच..." अश्विन म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

तो गंज बुडाशी पातळ आहे. नदीची रेती ओली असते. आणि पोरांना गोडासोबत तिखटही लागतं. या तीन गोष्टी शीलाबाईंच्या जिभेच्या टोकावर येऊन उभ्या राहिल्या. शालिकराम त्यांच्याकडे असे पाहत होते, जणू आता कुकर शिटी देणार आहे.

"हौ," शीलाबाई म्हणाल्या. "तू सांगशीन तसं."

आणि चौथी गोष्ट तोंडातून निसटायच्या आत त्या पाणी प्यायला आत निघून गेल्या.