चार सेकंदांचा फलक

मित्रांनो, मी एक जुना संदेशफलक आहे. जालन्याहून भोकरदनकडे जाताना, केदारखेड्याच्या अलीकडे, दोन उंच लोखंडी खांबांवर मी उभा आहे. माझ्या अंगावर हजारो बारीक पिवळे दिवे आहेत. ते पेटले की अक्षरं होतात. पण कोणती अक्षरं, हे मी ठरवत नाही. दूरच्या कार्यालयात कुणीतरी बटणं दाबतं आणि मी बोलतो. म्हणूनच माझ्या जिवाला कधी स्वस्थता नाही.

पुण्याजवळच्या कारखान्यात माझा जन्म झाला. इथे आलो तेव्हा लोकांनी नारळ फोडला, माझे फोटो काढले. मग माझ्यावर सणांच्या शुभेच्छा आल्या, सुविचार आले, घोषणा आल्या. वर्षभरात लोकांनी माझ्याकडे बघणं सोडलं. गाड्या भरधाव जात आणि मी एकटाच बडबडत राही.

माझ्यापुढच्या वळणावर कारभारी नावाचे धनगर आणि त्यांची बायको गोपिकाबाई रोज मेंढरं रस्त्यापलीकडे नेत. सोयाबीन निघालं की पलीकडची शेतं चरायला मोकळी होत. त्यांनी अर्ज केला, तेव्हा माझ्यावर नवा संदेश आला: ‘सर्व वाहनचालकांना सूचित करण्यात येते की पुढील वळणावर पशुधनाचा वावर असल्याने वाहने सावकाश चालवावीत.’ माझ्यावर एका वेळी दोनच ओळी मावतात. त्यामुळे तो चार तुकड्यांत दिसे. सगळा वाचायला बारा सेकंद लागत. आणि धावत्या गाडीला मी दिसतो फक्त चार सेकंद! मला हे कळत होतं. पण सांगणार कुणाला?

एका सकाळी बद्रीनाथ नावाचे जीपवाले जालन्याहून प्रवासी घेऊन आले. माझ्यावर ‘सर्व वाहनचालकांना सूचित करण्यात येते’ एवढंच होतं. पुढे काय येतं म्हणून त्यांनी मान वर केली. नजर माझ्यावर आणि जीप वळणावर! ब्रेक करकचून लागले. सात मेंढ्या जागीच गेल्या. कारभारींचा पाय मांडीत मोडला.

मित्रांनो, त्या वेळी मी निवांतपणे तिसरा तुकडा दाखवत होतो.

कारभारींना दवाखान्यात नेल्यावर गोपिकाबाई माझ्या खांबाशी आल्या. वर बघून म्हणाल्या, “एवढा मोठा झालास, अन् येक शब्द बराबर बोलता न्हाई आला तुला?”

आठवड्याने प्रियदर्शनी नावाची तरुण इंजिनिअर चौकशीला आली. तिने बद्रीनाथना बोलावलं.

“फलक वाचला नव्हता का?”

“वाचूनच राह्यल्तो मॅडम,” ते खाली बघत म्हणाले. “वाचता वाचता मेंढरात गेलो.”

मग माझी अक्षरं बदलता येतील असा लॅपटॉप घेऊन ती त्यांच्याच जीपमध्ये चढली. गोपिकाबाई आणि मेंढरं त्या दिवशी पलीकडेच थांबली होती. “पुन्हा पुन्हा माझ्याखालून चला,” असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि ते तसेच आले.

पहिल्या फेरीला तिने ‘पशुधन वावर क्षेत्र’ लिहिलं.

“काय वाचलंत?”

“पशु... मंग काय तरी होतं.”

असे सात संदेश झाले. आठव्याला माझ्यावर दोनच ओळी पेटल्या:

मेंढरं पुढे
हळू चालवा

तिने विचारायच्या आत बद्रीनाथांचा पाय ब्रेकवर गेला.

कार्यालयातले साहेब फोनवर कुरकुरले, “मेंढरं? हा काय सरकारी शब्द आहे?”

“नाही साहेब,” ती म्हणाली. “पण पाय याच शब्दाने ब्रेकवर जातो.”

मग ती गोपिकाबाईंना म्हणाली, “मावशी, मेंढरं निघाली की कार्यालयात फोन करा, तेव्हाच फलक पेटवू, आणि पार झाली की पुन्हा करा. उगाच रोज भीती घातली तर खरं कुणी मानणार नाही.”

माघात कारभारी काठी टेकत परत आले. समोरून कापसाचा ट्रक येत होता, मागे दोन मोटारी. माझी अक्षरं पेटली. ट्रक हळू झाला, मोटारी थांबल्या. कळप धूळ उडवत पार झाला. कुणी माझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नाही. तेवढंच मला हवं होतं.

“गेली बरं का समदी,” गोपिकाबाई फोनवर म्हणाल्या. “आता इझवा त्याला.”

आता माझ्या कोपऱ्यातले काही दिवे मेले आहेत. धूळ साचली की ‘हळू’मधला ‘ळ’ फिकट पडतो आणि जीव खालीवर होतो. मित्रांनो, माझ्या खांबावर एक नंबर लिहिला आहे. अक्षर तुटलेलं दिसलं, तर घरी पोहोचल्यावर तेवढा फोन करा. आणि घाईत असलेल्या माणसाला काही सांगायचं असेल, तर आधी त्याच्या जिवाचं सांगा. बाकीचं राहिलं तरी चालेल.