सात घड्याळं आणि एक गादी

"सात घड्याळं झाली, बापा. सात! मी तुझ्याकडे घड्याळ मागितलं होतं का? आठवून बघ बरं."

सूनबाई स्वयंपाकघरात कपबशा विसळत होती. मधे नुसता पडदा, त्यामुळे सासूबाईंची सकाळची प्रार्थना तिच्या कानावर पडायचीच. इतर लोक देवाशी हात जोडून बोलतात. सासूबाई जुन्या शेजाऱ्याशी बोलावं तशा बोलायच्या, आणि शेजाऱ्याचं काही चुकलं तर तेही ऐकवायच्या.

"तू दिलं नाहीस असं मी म्हणत नाही. पण पत्त्यात काहीतरी घोळ झालाय. ज्याला घड्याळ हवं होतं त्याच्याकडे माझा पलंग गेला असणार. बघ जरा चौकशी करून. येशूच्या नावाने, आमेन. चला, या आता दोघं, उठवा मला!"

उठवणं हा त्या घरातला पहिला कार्यक्रम. सासूबाईंची गादी जमिनीवर. गुडघे इतके आखडलेले की रात्री त्या गादीवर टेकत नसत, जवळजवळ पडतच. सकाळी मुलगा पुढून दोन्ही हात धरायचा, सूनबाई मागून काखेत हात घालायची, आणि सासूबाई स्वतःच "एक, दोन, तीन" म्हणायच्या. उभ्या राहिल्या की "हालेलुया!" म्हणून सगळे हसायचे. हल्ली हालेलुयाच्या आधी एक कळ यायची आणि सासूबाई ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. ते तिघांनाही कळायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आजींना उंच पलंग हवा, नाहीतर एक दिवस या उठायच्याच नाहीत.

मुलगा इथल्या चर्चच्या मंडळीचा पाळक. त्याचा एक नेम होता. जे हवं ते गुडघे टेकून देवाला सांगायचं, माणसांना नाही. आणि गंमत म्हणजे तो नेम पावत आला होता. स्टोव्ह बिघडला तेव्हा कुणीतरी "आमच्याकडे जादा आहे" म्हणून स्टोव्ह घेऊन दारात उभं. बुटाचा तळ निघाला तेव्हा त्याच मापाचे बूट आले, फक्त रंग जरा भडक. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा मनातून घाबरली होती, पण इतक्या वर्षांत त्या घरात कुणी उपाशी झोपलं नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

घोळ झाला तो पहिल्या घड्याळापासून. समोरच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहायचे, सगळे त्यांना टिकटिककाका म्हणत. त्यांनी पाळकाला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. पाळकानं पुढच्या रविवारी व्यासपीठावरून देवाचे आभार मानले, आणि असे मानले की काय विचारता! वेळ हे देवाचं दान, प्रत्येक ठोका ही त्याची हाक, वगैरे वगैरे. उपदेश इतका लांबला की मागच्या बाकावरची दोन बाळं झोपून उठली. मंडळीनं त्यातून दोन अर्थ काढले. एक, पाळकांना घड्याळं आवडतात. दोन, पाळकांना घड्याळाची फार गरज आहे.

मग घड्याळं येतच राहिली. माशाच्या आकाराचं, लंबकाचं, दार उघडून पक्षी बाहेर येणारं. एकाचंही दुसऱ्याशी पटायचं नाही. "लोकांच्या घरी दिवसातून दोनदा बारा वाजतात," सासूबाई म्हणायच्या, "आमच्याकडे सारखेच वाजलेले असतात."

त्या सकाळी मात्र उभ्या राहिल्यावर त्या हसल्या नाहीत. चहा पिता पिता म्हणाल्या, "मी म्हणते, थोडे दिवस लेकीकडे जाऊन येते. हवापालट होईल."

लेकीकडे पलंग होते. हे तिघांनाही माहीत होतं.

"हो, हवा चांगली आहे तिकडची," पाळक कपात बघत म्हणाला.

"थंड आहे," सूनबाई म्हणाली.

"थंडच बरी," सासूबाई म्हणाल्या. रविवारी उपासनेनंतरच्या गाडीनं जायचं ठरलं.

सूनबाईला दिवसभर काही सुचेना. सासूबाई गेल्या तर भाजी निवडताना अख्ख्या गल्लीचा समाचार कुणाबरोबर घ्यायचा? आणि लेकीच्या घरचे तीन जिने चढून गेलेली म्हातारी परत कधी खाली उतरणार? नवऱ्याचा नेम मोडायचा नाही म्हणून तिनं सूचक बोलून पाहिलं. पाववालीला सांगितलं, "आमच्या आईंचे गुडघे फार धरलेत हो." पाववालीनं मलम आणून दिलं. शेजारणीला सांगितलं, "जमिनीवरून उठणं म्हणजे शिक्षा." तिनंही मलम दिलं, जास्त झोंबणारं.

शेवटी पक्षीवालं घड्याळ बंद पडलं. पक्षी बाहेर आला तो आत जाईना. ते घेऊन ती टिकटिककाकांकडे गेली. दुकान पुढे, खोली मागे. "आत ठेवा, पाळकबाई," काका म्हणाले, "पलंगावर जागा असेल."

पलंगावर! सूनबाई दारातच थबकली. लाकडी, चांगला उंच, उशाशी धरायला कठडा. त्यावर वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यावर उघडी घड्याळं, चाकं, स्प्रिंगा.

"ही होती तेव्हा इथे सुईसुद्धा ठेवायची सोय नव्हती," काका म्हणाले. "आता सगळा पसारा इथेच."

"तुम्ही झोपता कुठे?"

"आरामखुर्चीत. या पलंगावर मला एकट्याला झोप येत नाही."

"मग देऊन टाका की कुणाला!"

काका चष्मा पुसायला लागले. "वापरलेली वस्तू कुणाला द्यायची? जवळच्या माणसाला देववत नाही, परक्याला द्यावीशी वाटत नाही."

सूनबाईच्या जिभेवर आलं होतं. दातांनी अडवलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गाठलं. "अहो, देवानं पलंग दिलाय. आईंचं खरंच आहे, तो नुसता चुकीच्या पत्त्यावर पडलाय."

सगळं ऐकून तो म्हणाला, "मग काकांच्या मनात देवच घालेल."

"त्यांच्या मनात आहे. तुमच्या तोंडात नाही."

"अगं, मी आज पलंग मागितला, तर उद्या मी दारात दिसलो की लोक खिसे चाचपतील. 'आले पाळक, आता काय हवंय?' भरवसा म्हणजे..."

"भरवसा मला शिकवू नका, तुमच्यापेक्षा जास्त मी जगलेय तो. पिठाचा डबा मी उघडते. एवढंच सांगा, तुम्ही देवाच्या भरवशावर गप्प आहात, की लोकांसमोर गरजवंत दिसायची लाज वाटते म्हणून?"

तो काही बोलणार तेवढ्यात घड्याळांचे ठोके सुरू झाले. एकाचे संपले की दुसऱ्याचे. सगळी गप्प होईपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली.

रविवारी सासूबाई पहिल्या बाकावर बसल्या. पायाशी पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र, चपलांचा जोड आणि दोन्ही मलमं. निरोपासाठी सगळी मंडळी नटून आली होती. आभाराची वेळ आली तसे टिकटिककाका उठले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी पाळकाच्या हातात देत म्हणाले, "मावशींसाठी. नवं आहे. प्रवासात वेळ कळावी म्हणून."

कागद सोडायची गरजच नव्हती. आतून टिकटिक येत होती.

सूनबाईनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं. "बापा, आठवं," त्या पुटपुटल्या.

पाळक घड्याळ छातीशी धरून उभा राहिला. आभार मानायला तोंड उघडलं आणि शब्दच येईना. मंडळीला हे नवीन होतं. लोक वाट पाहत राहिले, मग चुळबुळले, मग दोघातिघांनी मनगटाकडे बघितलं. त्याची नजर आईच्या गुडघ्यांवर गेली, तिथून पायाशी ठेवलेल्या पिशवीवर. त्यानं घड्याळ हळूच मेजावर ठेवलं.

"बंधुभगिनींनो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज उपदेशाचा नव्हता, घरातला होता. "देवानं आम्हाला कधी काही कमी पडू दिलं नाही. तुमच्याच हातांनी दिलं. तुम्हाला मात्र मी कधी कळूच दिलं नाही, काय हवं ते. आईला जमिनीवरून उठता येत नाही. आम्हाला पलंग हवाय. जुना चालेल." मग त्यानं पहिल्या बाकाकडे पाहिलं. "आणि आई, तू जाऊ नकोस."